वरवंडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठरलेली बदली

कंपनीनं बदलीसाठी माझ्यापुढं दोन शहरं ठेवली होती. पोलंडमधल्या क्राकूवला जुना किल्ला आणि बर्फ, तर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला ऊन आणि समुद्र. मी व्हॅलेन्सिया जवळपास ठरवलंच होतं. पण वडील माझ्यासोबत येणार होते, आणि त्यांनी मोबाईलवर तो किल्ला पाहिला होता.

"उनासाठी एवढ्या लांब जायचं? आपल्या यवतला ऊन काय कमी हाय व्हय?"

"आबा, तिथली थंडी तुम्हाला सोसायची नाही."

"बघू की."

दुसऱ्या दिवशी ते मला वरवंडला ओळखीच्या कोल्ड स्टोरेजवर घेऊन गेले. स्वेटर, मफलर आणि वर घोंगडी अशा थाटात ते बटाट्याच्या पोत्यावर बसले. मी नुसत्या पंजाबी ड्रेसवर होते. आबा तरुणपणी चढलेल्या गडांच्या गोष्टी रंगवून सांगत होते आणि माझे दात वाजत होते. शेवटी मीच उठले.

"चला बाहेर. मलाच सोसंना."

"मंग ऱ्हाऊ दे. तुला झेपंल तिकडंच जाऊ," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. तो ऐकून मी बाहेर आल्या आल्या ऑफिसला क्राकूव कळवून टाकलं.

आता इथला आमचा दुसरा हिवाळा चालू आहे. आबा रोज सकाळी किल्ल्यावर जातात आणि तिथल्या रखवालदाराशी मराठीत बोलतात. तो पोलिशमध्ये उत्तरं देतो. परवा घरी येऊन त्यांनी मला त्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं.