नरसक्कानं मिळवून दिलेली सुट्टी

नरसक्का गेली, हे मला ओरडून सांगितलं गेलं. करमाळ्याकडच्या माझ्या गावाहून परतलो, चादरीच्या कारखान्यात शिरलो, तर तिच्या चरख्यापाशी दुसरीच बाई सुताच्या कांड्या भरत बसलेली. "अक्का कुटं हाय?" मी विचारलं. मागांच्या खडखडाटात तिला ऐकू गेलं नाही. मग शेजारच्या मागावरचा माणूस तोंडाशी हात धरून ओरडला, "वारली की रं! कावीळ झालती! तू गावाला गेल्तास तवाच!" ...आणि त्याचा धागा तुटला म्हणून तो मागाकडं वळला.

याला काही आठवडे झाले. मी सातवीतून शाळा सोडलेला, लिहायचं म्हटलं की हात घाबरतो. पण अक्काबद्दल दुसरं कोण लिहिणार?

ती तेलुगू विणकरांच्या घरातली, विधवा, मूलबाळ नाही. मला 'तम्मुडू' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. आम्ही बाहेरगावची माणसं कारखान्यातच झोपायचो, मागांच्या मधल्या बोळात. मालकांनी जागा दिली होती आणि तिथंच गोम होती. डोळे उघडले की समोर माग. सुट्टी कोणत्या तोंडानं मागायची? आठवड्याची सुट्टी कागदावर होती, आम्हाला मिळत नव्हती. कामगार खात्याच्या ऑफिसात तक्रार करता येते, हे सगळे बोलायचे. पण काम गेलं तर अंथरूणही जाणार, या भीतीनं मी गप्प.

एकदा ताप अंगात घेऊन माग चालवताना मला भोवळ आली. मी सावरल्यावर अक्का मला ओढतच त्या ऑफिसात घेऊन गेली. साहेब म्हणाले, "बोला बाई, काय तक्रार आहे?" आणि अक्का तेलुगूत सुरू झाली! ही बाई मेथीच्या जुडीसाठी मराठीत अशी भांडायची की भाजीवाला हात जोडायचा. साहेब माझ्याकडं बघायला लागले. ऐकून ऐकून मला तिची भाषा कळत होती. मी सांगायला लागलो, "त्या म्हणतात, सुट्टी देत न्हाईत... त्या म्हणतात, आजारी माणसालाबी उभं करतात..." बोलता बोलता 'त्या म्हणतात' कधी सुटलं आणि मी माझंच कधी सांगायला लागलो, मला कळलं नाही. अक्का तर केव्हाच गप्प झाली होती. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. म्हणाले, "तुमची नावं मालकाला सांगणार नाही. तपासणीला येईन तेव्हा मात्र खरं बोला."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "अक्का, मराठी येतंय की तुला!"

"येतंय की. पर तुला त्वांड हाय का न्हाय, त्ये बगितलं."

साहेब तपासणीला आले. माग बंद करायला लावले. मला विचारलं तेव्हा मालक मागंच उभे होते. अक्का चरखा थांबवून माझ्याकडं बघत होती. मी खरं सांगितलं.

सुट्टी सुरू झाली. आणि आत झोपणाऱ्या सगळ्यांची अंथरुणं मालकांनी बाहेर काढली. अक्कानं मला तिच्या खोलीपुढच्या पडवीत जागा दिली. तिथं मी अजून राहतो. खोलीला घरमालकानं कुलूप लावलंय. पडवीतून मला अजून तरी कुणी उठवलेलं नाही... रोज वाटतं, आज उठवतील.

परवा कारखान्याचे मालक अगदी मायेनं म्हणाले, "आता एकटाच की रे तू. सुट्टीला बसून काय करणार? ये, माग चालव." खोटं कशाला सांगू, जावंसं वाटलं. मागांच्या आवाजात निदान एकटं वाटत नाही.

सुट्टीच्या दिवशी अक्का न्हाऊन दारात केस वाळवत बसायची. मी उगाच काही उचलठेव करायला लागलो की म्हणायची, "बस की रं. आज बसायचं काम." चौकटीला ती डोकं टेकायची, तिथं तेलाचा डाग आहे. आज सुट्टी. मी त्या डागासमोर बसलो. दुपार सरता सरेना. कारखान्याकडं जायला उठलो, चप्पल घातली... आणि काढून ठेवली.