मामाच्या बागेतला गोड जाम

सकाळपासून लिहायचं टाळून राहिलो. चहा पिलो, उगंच स्टँडवर चक्कर मारली, तरी तो जाम डोक्यातून जाईना. पुण्याकडच्यांनो, जाम म्हणजे तुमचा पेरू.

काल देगलूरच्या बाजारात एका मावशीकडून घेतले. लहान लहान, पण लई गोड. उभ्या उभ्याच खात सुटलो.

"मावशी, नुसती साखर हाय! कुठले हो?"

"जळकोटचे. शिवाप्पाच्या बागेतले. विहीर आटली, झाडं तोडून राहिला बिचारा. हा शेवटचा माल."

शिवाप्पा म्हणजे माझा सख्खा मामा. तोंडातला घास तोंडातच राहिला.

"जाम लई गोड हाय असं मी बी त्याला म्हणलं, तर चिडला माझ्यावर," मावशी म्हणाली. "म्हणे, झाडाला पाणी भेटलं न्हाई म्हणून गोड झालंय, बाई. तारीफ नको करू."

मामाला फोन लावला, तर बंद.

तुम्ही फळ खाताना कुठलं म्हणून विचारता का? मला तर आता विचारायची भीती वाटून राहिली.

थांबा, दार वाजलं.

मामा आलाय. कधी गाव न सोडणारा माणूस, हातात कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा. म्हणतो, "भाच्या, इकडं काही काम भेटल का रे?"