वर कोण बसणार?

ब्लोअरचा आवाज येत नव्हता. रिॲक्टरच्या जिन्याशी पोचले आणि धावतच वर चढले.

रिॲक्टर म्हणजे रसायनं शिजवायची बंद पोलादी टाकी, दोन मजले उंच. वर माणूस जेमतेम मावेल एवढं भोक, ते मॅनहोल. धुवायला माणूस दोरी बांधून त्यातून आत उतरतो. आधी मीटरने गॅस तपासायचा, मग ब्लोअरने आत ताजी हवा सोडायची, आणि वर एकाने बसून आतल्याशी सारखं बोलत राहायचं. तो बोलायचा थांबला की दोरी ओढायची. दौंडजवळच्या त्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

आत होता राहू गावचा मिलिंद. वर मांडवगणचा संपत. संपत मराठा, मिलिंद बौद्ध. संपत त्याच्या शेजारी डबा उघडत नसे, बोलतही नसे. अख्ख्या प्लँटला हे माहीत, तरी सुपरवायझरने हीच जोडी लावलेली.

लाइट गेली होती, म्हणून ब्लोअर बंद. आणि संपत निवांत तंबाखू मळत बसलेला. आतला बोलतोय का विचारलं, तर म्हणे, ठोकतोय की. बोलायला नको म्हणून दोघांनी ही रीत पाडली होती: वरून पान्याने दोनदा ठोकायचं, आतून दोनदा उत्तर. ठकठक येतही होती. पण ती थांबेचना. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली फिटर त्याच टाकीच्या पाइपवर हातोडा मारत होता.

म्हणजे आतून उत्तर येतच नव्हतं.

"हाक मार त्याला," मी म्हटलं. संपतने पान्याकडे हात नेला. "नावानं हाक मार, संपत."

तो मॅनहोलवर ओणवा झाला. "मिलिंद! आरं ए मिलिंद!"

त्याचाच आवाज घुमून परत आला. दुसरं काही नाही.

फिटर धावत वर आला. तिघांनी दोरी ओढली. ओझं काही केल्या वर येईना, आणि मला मिलिंदची आई दिसायला लागली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. शेवटी डोकं आलं, खांदे आले. ओठ निळे. उघड्यावर निजवला, ऑक्सिजन दिला, तेव्हा कुठे तो खोकला. संपत भिंतीला टेकून लटलट कापत होता.

दवाखान्यात मी मिलिंदला विचारलं, गरगरलं तेव्हा ओरडला का नाहीस?

"कुणाला ओरडू, मॅडम? गॅसला मीटर हाय. वर बसलेल्या माणसाला कुठला मीटर लावायचा?"

मॅनेजर म्हणाले, संपतला काढू, विषय संपला. मी म्हटलं, उद्या दुसरा संपत बसेल. त्यापेक्षा वर कोण बसणार ते आत जाणाऱ्याला ठरवू द्या.

"आता कामगार ड्यूट्या लावणार?"

"आत तुम्ही उतरता का, सर?"

नियम लागू झाला.

मिलिंद बरा होऊन आला. पुन्हा टाकीची पाळी आली, आणि या पठ्ठ्याने वर बसायला संपतचंच नाव सांगितलं. मी म्हटलं, अरे, माफ केलंस की काय त्याला?

"न्हाई. पण तो लई भ्यालाय, मॅडम. भ्यालेला माणूस तंबाखू मळत बसत न्हाई."

त्या दिवशी मिलिंद वर येईस्तोवर संपत त्याला नावानं हाका मारत होता. घसा बसला त्याचा. सलोख्यावरची भाषणं मी पुढे पुष्कळ ऐकली. माझं म्हणणं एवढंच, आत उतरणाऱ्याला भीती कशाची वाटते ते आधी विचारावं. बहुतेकदा ती गॅसची नसते.