खोल आवाज

माझ्या साडूंनी आपली गाडी एका चहात विकली. ऑफिसातल्या एकाने भाव विचारला, साडूंनी आकडा सांगितला आणि तो म्हणाला, "आप कह रहे हैं तो ठीक ही होगी." त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. साडूंनी हे फुशारकीने सांगितलं नाही, पोहे खाता खाता सहज सांगितलं. म्हणूनच मला जास्त लागलं.

मी दिल्लीत पहाडगंजात हॉटेलांना नळ, शॉवर असलं सामान घाऊक विकतो. मुनिरक्यातल्या बिनखिडकीच्या खोलीपासून इथवर आलो. माझ्याकडून आजवर कुणी नळ फिरवून पाहिल्याशिवाय घेतलेला नाही. साडू सरकारी अधिकारी, सासऱ्यांचे थोरले जावई. माझं स्थळ आलं तेव्हा सासऱ्यांनी माझी चौकशी त्यांच्याकडे केली. "धडपड्या आहे," एवढंच ते म्हणाले आणि लग्न ठरलं. आमचं लग्नसुद्धा त्यांच्या हमीवर झालेलं आहे. मला ते आजही 'शेठ' म्हणतात. त्यात थट्टा किती आणि माया किती, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या नातेवाइकांत दोन दारांची लाल स्पोर्ट्स गाडी फक्त माझ्याकडे होती. जुनीच घेतली होती, पण ती दारात असली की साडू तिच्याभोवती एक फेरी मारायचे, आणि ती फेरी मी वरून गॅलरीतून बघायचो. आता तिच्यात चढता-उतरताना कंबर धरते, म्हणून विकायला काढली. तर ती सकाळी सुरू करताना निळा धूर सोडायला लागली.

"रिंग गए," मेकॅनिक म्हणाला. "इंजन खोलना पड़ेगा." पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन तेल पितं आणि धूर सोडतं.

इथेच अडलं. दिल्लीत जुनी गाडी घेणारा आधी एकच विचारतो, इंजन खुला तो नहीं? एकदा खोललेलं इंजिन म्हणजे काहीतरी लपवलेलं इंजिन, असा सगळ्यांचा हिशेब. काम करून घेतलं तर गाडी सुधारणार आणि भाव पडणार. नाही केलं तर भाव राहणार, आणि आत बिघाड.

"करून घ्या काम आणि खरं सांगून विका," बायको म्हणाली.

"माझं खरं कोण ऐकून घेतंय?"

"भाऊजींचं घेतात ना सगळे."

तिने हे सल्ला म्हणून म्हटलं होतं. मी ताटावरून उठलो.

रविवारी गुडगावहून एक तरुण गाडी बघायला आला. तो यायच्या आधी मी कॉलनीत चार चकरा मारून धूर संपवून ठेवला होता. साडू आणि मेहुणी नेमके त्याच दिवशी जेवायला आलेले. साडू चपला घालून खाली आले.

तरुणाने बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम क्यों है, भाई साहब?"

"मंदिर गए थे," मी म्हणालो आणि चटकन किल्ली फिरवली.

साडूंनी मान डोलावली. "वा शेठ, इंजिनचा आवाज काय खोल आहे."

पोराचा चेहरा उतरला. "खोला है? इंजन खुला हुआ है?"

"अरे, खोल, खोल," मी ओरडलो.

"क्या खोलूँ?" तो बॉनेटकडे वळला.

"मराठी में खोल मतलब गहरा!"

माझ्याकडे फुकट नमुना मागणाऱ्याकडे मी जसा बघतो, तसा त्याने माझ्याकडे पाहिलं. मग साडूंकडे वळला. "अंकल जी, आप बताइए."

"बेटा, खोल माने गहरा," साडू हळूच म्हणाले.

"अच्छा." संपलं. शब्द तोच, अर्थ तोच.

"और अंकल जी, तेल तो नहीं पीती?"

साडूंना काहीच माहीत नव्हतं. पण ते माझी बाजू घेणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या एका "नहीं"वर गाडी माझ्या भावात गेली असती. आणि मग तीसुद्धा त्यांनीच विकलेली ठरली असती, पोहे खाता खाता.

"पीती है," मी मध्येच म्हणालो. "रिंग गए हैं. सुबह नीला धुआँ मारती है. इंजन खुला नहीं है, पर खोलना पड़ेगा."

"अहो शेठ, मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलंत कधी?"

तरुण गाडीभोवती फिरला. "तो खुलवा दो. काम सामने हो, तो ले लूँगा."

"दाम वही रहेगा."

"वही."

त्याने घासाघीस केलीच नाही. मी बोललो आणि समोरच्याने मानलं, असं माझ्या धंद्यात कधी झालं नव्हतं. मी वर गॅलरीकडे पाहिलं, बायको उभी होती.

"बस, मैं तो रोज़ आ नहीं सकता," तो म्हणाला. "मेरी जगह अंकल जी खड़े रहें."

आता साडू रोज ऑफिस सुटल्यावर गॅरेजात खुर्ची टाकून बसतात. तरुणाचा फोन त्यांनाच येतो. काल मेकॅनिकने नव्या रिंगा आणल्या त्याही त्यांनाच दाखवल्या. मी शेजारी उभा होतो. गाडी माझी, खरं बोललो तो मी, आणि दोघांचा चहा सांगायलाही मीच गेलो.