रपट्यावरची हजेरी

सरकारी कामांतला काही वाटा मजुरांच्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवलेला असतो. अट एवढीच की संस्था खरोखर मजुरांची हवी आणि काम तिच्या सदस्यांनी स्वतः राबून केलेलं हवं. हा नियम कोणा चांगल्या मनाच्या माणसाने केला असणार, असं मला आजही वाटतं. फक्त त्या माणसाला आमच्या तालुक्यातले ठेकेदार भेटले नसावेत.

आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. गावातल्या आम्ही बायकांनी अशी संस्था काढली. बारावी झालेली मी एकटी, म्हणून सचिव मी. अध्यक्ष झाली मावशी. ती माझी सख्खी मावशी नाही, पण अख्खं गाव तिला मावशीच म्हणतं. नोंदणी झाल्याचं कळायचा अवकाश, एक ठेकेदार दारात हजर. खाटेवर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "बाई, संस्था तुमची, मशीन माही. तुमी फक्त सह्या करा. दिवाळीले लुगडं घरपोच."

अशा नावापुरत्या संस्था आम्ही पाहिलेल्या होत्या. मावशी म्हणाली, "लुगडे हायेत भाऊ. आमाले काम पायजे." तो हसत हसत उठला. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

पहिलं काम मिळालं ते आमच्याच नाल्यावरच्या रपट्याचं. पावसाळ्यात पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल, तो रपटा. मिस्त्री बाहेरचा, बाकी सगळं आम्ही. खणणं, माल कालवणं, दोन्ही काठांना दगड बसवणं. मावशी प्रत्येक दगड आधी फिरवून बघायची, बाजारात वांगी निवडावीत तशी, आणि पसंत पडला तरच बसवायची. मी चिडायची, कारण अशाने काम रेंगाळायचं. पण तिने बसवलेल्या दगडावर उभं राहिलं तर तो हलायचा नाही, हेही खरं.

काम अर्ध्यावर आलं आणि तक्रार गेली की ही संस्था बोगस आहे, बायका फक्त दाखवायला आहेत. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. सहकार खात्याचे साहेब न कळवता तपासणीला येणार, असं समजलं. बोगस ठरलो तर काम तर जाणारच होतं, नोंदणीही जाणार होती. मी सगळ्यांना बजावून सांगितलं, एक दिवस खाडा करू नका. एक जण तर तापातही आली आणि सावलीत बसून राहिली.

आणि गावचा भुमक वारला. गावाच्या वतीने देवापुढचं सगळं तोच करायचा. आमच्यात मयत झाली की गाव थांबतं. कुऱ्हाड, नांगर, फावडं, कशालाच कोणी हात लावत नाही. घरटी लाकूड न्यायचं, ओंजळभर तांदूळ न्यायचे आणि सगळं आटोपेपर्यंत सोबत राहायचं. रपट्यावर कोणाला तरी ठेवू या, हे त्या सकाळी माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही. खोटी संस्था असती तर ही चूक तिच्या हातून झाली नसती. खोट्या संस्थेला गाव नसतं, त्यामुळे तिच्यात कोणी मरतही नाही.

साहेब नेमके त्याच दिवशी आले. रपट्यावर त्यांना दिसलं ते झाकलेलं सिमेंट, पालथी घमेली आणि मोटरसायकलवर बसलेला ठेकेदाराचा माणूस. तिथून ते गावात आले तेव्हा आम्ही नदीवर आंघोळ करून ओल्या लुगड्यांनी परतत होतो. तरुण होते, वाईट नव्हते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण कामावर मला कोणी दिसलं नाही, तर मी तेच लिहिणार. निदान दोघी-चौघींना तरी तिथं थांबवायचं."

माझा पारा चढला होता. पण माझ्याआधी मावशी बोलली. "कोनाले थांबवतो साहेब? रपटा उद्या होते. भुमक उद्या नाई भेटत."

साहेबांनी मान डोलावली, आणि लिहायचं तेच लिहिलं.

त्यांच्यावर रागवावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला असता, तर उद्या प्रत्येक रिकाम्या कामावर ठेकेदाराने एक मयत सांगितली असती. खरं काम ओळखायला डोळ्यांनी बघावंच लागतं, हे मलाही पटतं. पण एका दिवसाच्या बघण्यात आमची सगळी मेहनत पुसली गेली, तेव्हा मी घरात येऊन रडले.

काम गेलं. नोंदणीची सुनावणी अजून चालू आहे. तारीख असली की मी गडचिरोलीला जाऊन येते. रपटा दुसऱ्या मजूर संस्थेला मिळाला, आणि तिच्यामागे कोण आहे हे सांगायला नको. त्यांच्या तपासणीची खबर मात्र त्यांना आधीच लागली. त्या सकाळी आमच्या गावात ट्रॅक्टर आला. घमेलं धरता येणाऱ्या बाया पाहिजेत, दिवसभर फक्त उभं राहायचं, मजुरी पूर्ण. मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी ट्रॅक्टरमधून उतरणाऱ्यांत मावशी दिसली. मी रस्त्यातच तोंड सोडलं. "मावशी, तू गेली? काऊन?"

ती माझ्या ओट्यावर बसून पाय चोळत राहिली. "आपले गोटे पाह्याले गेल्ती. सबन जागेवर हायेत."

"अन् साहेब? तोच व्हता?"

"तोच. मले ओळखलं त्यानं. म्हने, बाई, तुमी संस्थेच्या सदस्य हाव ना? मी हो म्हटलं. कोन्या संस्थेच्या, ते त्यानं इचारलं नाई."

"मंग?"

"मंग काय. खाली पाहून माही हजेरी लावली."