शेवरी नसलेला बांध

आमच्या केळीला तीन बाजूंनी शेवरी होती. वारा अडवायला आमच्याकडे बागेभोवती ती दाट लावतात. उत्तरेचा, सातपुड्याकडचा बांध तेवढा उघडा, कारण पलीकडे माझ्या जेठांचं, म्हणजे यांच्या थोरल्या भावाचं शेत. शेवरीची सावली त्यांच्या कपाशीवर पडायची. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी ठरवलं होतं, मधल्या बांधावर झाड लावायचं नाही.

हा बाग साधला नाही तर शेत जेठांना करायला देऊन भुसावळला कामाला जायचं, असं यांनी आधीच सांगितलं होतं. मला जायचं नव्हतं. पण मी बोलले नाही, माझ्याने बोलवतच नाही.

मुलगी शाळेचा धडा मोठ्याने वाचायची. जमीन तापली की हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी दुसरीकडची गार हवा धावत येते, तोच वारा. मी भाकरी थापताना ऐकायचे. चुलीचा धूर वर जातो आणि दारातून झुळूक येते, हे मी रोज बघत होते. त्याला कारण असेल असं कधी वाटलं नव्हतं.

ती यांना म्हणाली, "पप्पा, सातपुड्याकडून वारा आला तर?"

"वारा मावयतीकडथून येस," हे हसले. "तुना पुस्तकले आपलं वावर काय म्हाईत?"

खोटं नव्हतं ते. इतकी वर्षं धूळ मावळतीकडूनच यायची.

घड भरत आले होते. त्या दुपारी जमीन भाजत होती आणि सातपुड्यावर काळं दाटलं. तिकडे पाऊस पडला असावा. वारा डोंगराकडून आला, गार. बरं वाटलं म्हणून मी डोक्यावरचा पदर सैल केला. तेवढ्यात पहिलं खोड मोडल्याचा आवाज आला. मग सगळी केळी एका अंगाला झोपली. तिन्ही बाजूंची शेवरी मात्र उभी होती.

संध्याकाळी जेठ बांधावर आले.

"लाई लेवानी व्हती ना भाऊ शेवरी. मी काय तुना हात धरेल व्हता?"

"तुमना शब्द व्हता, नाना."

"शब्दले वारा थोडाच ऐकस."

हे खाली बसले. कच्चे घड गुरांपुढे टाकले. चार दिवसांनी गुरंही तोंड लावेनात.

आता आम्ही भुसावळला आहोत. खोलीला एक दार, दुसरीकडे भिंत. हवेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून वारा आत येत नाही. हे मला आता कळतं. कळून काय करायचं?

परवा मुलगी गावी जाऊन आली. नानांनी आमच्या वावरात केळी लावली, म्हणाली. मधल्या बांधावर शेवरी कमरेएवढी झाली आहे.