बँडकडे पाठ करून उभा राहणारा

बेचाळीसनंतरचे दिवस होते. माझा धाकटा भाऊ भूमिगत होता आणि रस्त्यातला प्रत्येक माणूस मला खबऱ्या वाटे. तरी रविवारी संध्याकाळी भिंगार कॅम्पातल्या बागेत पलटणीचा बँड ऐकायला मी जातच असे.

तिथे कुंपणाशी एक म्हातारा असायचा. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोटांचा गजावर ताल चाललेला. सगळे बँडकडे बघत, आणि हा बँडकडे पाठ करून आमची तोंडं न्याहाळी. याहून उघड पुरावा कोणता हवा?

एकदा एक संथ, जड चाल सुरू झाली. तो माझ्याजवळ सरकला. "हिची गोष्ट ठाव हाय का? एका फिरंगी सरदाराच्या नावानं लिवली हुती. लोकांना मोकळं करील म्हनून. पन त्योच बादशा होऊन बसला. मग लिवणाऱ्यानं त्याचं नाव असं खोडलं, का कागदाला भोक पडलं."

माझ्या अंगावर काटा आला. पण हा मला बोलतं करू बघतोय असं वाटून चेहरा मात्र मी दगडासारखा ठेवला. "मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही आमच्याकडे असे टक लावून काय बघता?"

"वीस वर्सं बँडात मोठा ढोल वाजवला. नजर कायम बँडमास्तरच्या काठीवर. ऐकनाराचं तोंड कसं हुतं, ते कदी बगाया गावलं न्हाई. आता तेवढंच बगतो."

खरं की थाप, मला आजही ठरवता येत नाही. बोलून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी हललो नाही. थोडा वेळ वाट पाहून तो शेजारच्या माणसाकडे वळला.